गोऱ्ह्याची शाळा

बैलाला काम शिकवावें लागतें, ही गोष्ट आपल्या घरांतील लहान मुलांनाच नव्हे, तर पुष्कळ वडील माणसांनाहि ठाऊक नसते. पोळ्याच्या दिवशीं दारांत आलेली सजविलेली जोडी पाहून आपल्याला वाटतें कीं, हीं जनावरें मानेवर जूं घेऊनच जन्मास आलीं असावींत. वस्तुतः गोऱ्हा प्रथम जुवाखालीं येतो, तेव्हां शाळेंत पहिलें पाऊल टाकणाऱ्या पोराहून तो फारसा निराळा नसतो. फरक एवढाच कीं, पोराला रडतां येतें आणि गोऱ्ह्याला लाथ मारतां येते.

आमचें शेत बडनेऱ्याहून अंजनगांव बारीच्या वाटेवर आहे. जमीन काळी, पीक कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. परंतु पीक गुडघ्याला लागल्यावर दोन ओळींमधून डवरा फिरवावयाचा, तर आमच्या घरीं अद्याप बैलाचाच विश्वास. सन २०२२ मध्यें जनावरांत लंपी चर्मरोगाची सांथ पसरली आणि आमच्या वऱ्हाडांतील पुष्कळ गोठ्यांत ती शिरली. आमच्या जोडीपैकीं एक बैल तींत गेला. अंगभर गांठी, सुजलेले पाय, तोंडाला लाळ. अकरा दिवस तो उभाच होता. बाराव्या दिवशीं बसला, तो पुन्हा उठला नाहीं. मागें उरलेला बैल रात्रभर हंबरे. एकटा बैल म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबीं अर्धी जोडी नव्हे, तें शून्यच.

पुढच्या माघांत दादांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, एक गोऱ्हा आणला. पांढरा, लांबट तोंडाचा, पायांनीं हलका, गौळाऊ वळणाचा. ज्यानें तो विकला त्यानें एक गोष्ट सांगितली नव्हती. वेसण घालतांना त्याचें नाक चिघळलें होतें आणि त्याच दुखऱ्या नाकाला हिसके देऊन त्यास वळण लावण्याचा उद्योग पुष्कळ दिवस चालला होता. चौथ्याच दिवशीं त्यानें आमच्या सालदारमामांच्या मुलाला शिंगावर घेऊन गव्हाणीवर फेकलें. बरगडी मोडली नाहीं, हें पोराचें दैव!

त्या रात्रीं ओसरीवर बराच वेळ बोलणें चाललें होतें. दादा म्हणाले, "परवांच्या बाजारीं नेऊन टाका. माणसाच्या जिवापेक्षां कांहीं बैल मोठा नाहीं." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण बिघडलेलें जनावर बाजारांतून कोठें जातें, हें ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतें. सन २०१५ पासून महाराष्ट्रांत बैलाच्या कत्तलीस कायद्यानें बंदी आहे. तथापि विकणारा चौकशी करीत नाहीं आणि घेणारा सांगत नाहीं, असा हा व्यवहार. शेवटीं माजघराच्या दारांत बसलेली आई म्हणाली, "दाराशीं बांधलेलें जनावर आहे रे. पेरणीपर्यंत तरी ठेवा." आईच्या शब्दापुढें दादा बोलत नाहींत. गोऱ्ह्याला चार महिने मिळाले.

माझा पुतण्या अकोल्यास पशुवैद्यकाचा अभ्यास करीत होता. शनिवारीं रात्रींच्या गाडीनें तो बडनेऱ्यास यावयाचा आणि सोमवारीं पहांटे परत जावयाचा. त्यानें हें काम अंगावर घेतलें. अर्थात् आठवड्यांतील उरलेले सहा दिवस तें माझ्या आणि सालदारमामांच्या अंगावर आलें. त्याची पहिलीच अट ऐकून मामा चकित झाले. मारावयाचें नाहीं, ओढावयाचें नाहीं, ओरडावयाचेंहि नाहीं.

"गुर्जी," मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जनावराले मार नाई, तं त्याले समजन कसं?"

मी जन्मभर मास्तरकी केलेली. हा प्रश्न मीं बैलांविषयीं नव्हे, पण दुसऱ्या प्राण्यांविषयीं शिक्षकांच्या खोलींत शेंकडों वेळां ऐकला आहे. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील छडी बंद झाली, तेव्हांहि हाच प्रश्न ह्याच शब्दांत निघाला होता. म्हणून मामांना हंसण्याचा मला अधिकार नव्हता.

पहिले बारा दिवस आम्हीं गोऱ्ह्याला कांहींच शिकविलें नाहीं. शिकलों तें आम्हीच. त्याच्यापासून किती पावलांवर उभें राहिलें असतां तो कान मागें टाकतो, श्वास धरतो आणि डोळ्याचा पांढरा भाग दाखवितो, हें पाहावयाचें. ती झाली त्याच्या भीतीची सीमारेषा. तिच्या एक पाऊल अलीकडे स्वस्थ उभें राहावयाचें. त्यानें मान खालीं करून कुटार चघळावयास घेतलें, कीं आपण पाठ फिरवून निघून जावयाचें. भ्यालेल्या प्राण्याला आपल्याकडून मिळण्यासारखें सर्वांत मोठें बक्षीस म्हणजे आपलें जाणें, असें पुतण्याचें सांगणें होतें. प्रथम ही रेषा चौदा पावलांवर होती. तेराव्या दिवशीं ती चारांवर आली.

मग "टक्" आलें. पाश्चात्त्य देशांत ह्यासाठीं हातांत मावणारी, दाबल्यावर वाजणारी एक पत्र्याची चकती मिळते. पुतण्यानें ती आणलीहि होती. मामांनीं ती उलटसुलट करून पाहिली, परत दिली आणि टाळूला जीभ लावून इतका खणखणीत "टक्" काढला कीं, चकतीची गरजच संपली. नियम एवढाच कीं, टक् झाल्याबरोबर सरकीच्या ढेपेची एक मूठ मिळालीच पाहिजे. त्यांत खोटेपणा कधींहि व्हावयाचा नाहीं. ह्या आवाजाचें मर्म समजावयास मला दोन आठवडे लागले. जनावर बक्षिसाचा संबंध त्याच क्षणीं चाललेल्या कृतीशीं जोडतें. त्यानें मान खालीं केली आणि तुम्हीं घमेल्यांतून ढेप काढून पुढें करीपर्यंत ती वर उचलली, तर तुम्हीं मान उचलण्याचें बक्षीस दिलें असें होतें. हात मंद असतो; आवाज नेमक्या वेळीं पोंचतो आणि "हेंच, हेंच हवें होतें" असें सांगतो. मायेनें शिकविणें म्हणजे ढिलाईनें शिकविणें, अशी जी समजूत आहे, ती मला त्या गोठ्यांत सोडावी लागली. मारणाऱ्याला क्षण चुकला तरी चालतें. न मारणाऱ्याला मात्र पापणी लवूं न देतां पाहावें लागतें.

ह्या विद्येचा उगम मोठा चमत्कारिक आहे. स्किनर नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरें आणि उंदीर यांवर प्रयोग करून बक्षिसाचे नियम बसविले. त्याचे शिष्य केलर आणि मॅरियन ब्रेलंड ह्या दांपत्यानें सन १९४७ मध्यें त्या नियमांवर जनावरें शिकविण्याचा धंदाच काढला. कोंबड्या, डुकरें, ससे, सर्व कांहीं त्यांनीं शिकविलें. पुढें सन १९६३ पासून हवाई बेटांतील एका सागरगृहांत कॅरेन प्रायर ह्या बाईंनीं डॉल्फिन शिकविण्यास आरंभ केला. डॉल्फिनला वेसण घालतां येत नाहीं, चाबूक मारतां येत नाहीं. तो रागावला तर नुसता पाण्याच्या तळाशीं जाऊन बसतो. तेव्हां शिट्टी आणि मासा, एवढ्यावरच त्यास शिकविणें भाग पडलें. म्हणजे दयेमुळें नव्हे, तर नाइलाजामुळें ही रीत पक्की झाली. आणि मग कुत्रे, घोडे यांच्याकडे वळून माणसांनीं विचारलें कीं, ज्याला मारतां येतें त्यालाहि असेंच कां शिकवूं नये? प्रायरबाईंनीं सन १९८४ मध्यें ह्या विषयावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत माणसांचींहि उदाहरणें भरपूर आहेत. सुनांनीं सासूवर प्रयोग करून पाहावयास हरकत नाहीं!

आतां आमच्या गोऱ्ह्याला पहिला धडा कोणता द्यावा? पुतण्यानें निवडला तो मला फार आवडला. काठीच्या टोंकाला चिंधी बांधून तिला नाक लावावयास शिकविण्याची पद्धत आहे. पण आमच्या गोऱ्ह्यानें काठी पाहिली कीं तो थरथर कांपे. म्हणून वहिनींनीं स्वयंपाकघरांतून नारळाची करवंटी दिली. करवंटी पुढें धरावयाची. त्यानें कुतूहलानें हुंगण्यास नाक आणलें कीं टक्, आणि ढेप. आठ दिवसांत तो आपण होऊन करवंटीला नाक टेंकूं लागला. मग एक क्षण टेंकावें, मग दोन, मग पांच. नाक असें स्थिर झाल्यावर दुसऱ्या हाताच्या बोटानें त्या चिघळलेल्या जागेला मलम लागूं लागलें. ज्या नाकाला हात लावूं देत नव्हता, तें नाक तो स्वतः आणून देऊं लागला. जखम सुकल्यावर एका रविवारीं पुतण्यानें वेसण कापून काढली आणि सुती दोराची म्होरकी चढविली. त्या दिवशीं आईनें विचारलें, "लेकानें कां दिलें रे नाक?" मामा म्हणाले, "त्याले आता ठाऊक हाय, आज्जी. हात म्हंजे हिसका नाई."

शिकविलेलें जनावर म्हटलें कीं माझ्या पिढीला प्रथम सर्कस आठवते, आणि तींत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. अश्वविद्येंत निपुण असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनीं सन १८८० च्या सुमारास पहिली हिंदी सर्कस उभारली. पुण्यास सन १९०२ मध्यें जन्मलेले दामू धोत्रे तर वाघसिंहांचे शिक्षक म्हणून युरोप-अमेरिकेंत गाजले. फ्रान्समधील आल्फ्रेड कोर्ट ह्या शिक्षकाबरोबर त्यांनीं काम केलें आणि सन १९४० मध्यें ते अमेरिकेच्या रिंगलिंग बंधूंच्या प्रचंड सर्कशींत गेले. कोर्ट यांची ख्याति अशी कीं, मारझोडीऐवजीं धीरानें आणि मांसाच्या तुकड्यानें ते शिकवीत. धोत्र्यांनीं आपल्या आत्मकथनाचें नांवच 'वाघसिंह माझे सखे सोबती' असें ठेविलें आहे. उघड्या छातीनें, डोक्याला फेटा बांधून बिबळ्यांच्या पिंजऱ्यांत उभा असलेला हा मराठी माणूस मला लहानपणापासून वंद्य वाटत आला आहे.

तरी एक शंका राहतेच. वाघाला मायेनें शिकविलें तरी त्यानें आगीच्या कड्यांतून उडी मारण्यांत वाघाचें काय हित? सन १९९८ मध्यें सरकारनें वाघ, सिंह, बिबळे, अस्वलें आणि माकडें यांच्या खेळांस मनाई केली व सन २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम ठेविली. मला हें योग्य वाटतें. रीत मऊ असणें पुरत नाहीं. शिकणें त्या प्राण्याच्या कांहीं कामीं येतें कीं नाहीं, हेंहि विचारावें लागतें. नेपाळांत पाळीव हत्तींवर झालेला एक प्रयोग सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. क्षयाच्या तपासणीसाठीं सोंडेंत पाणी घेऊन तें भांड्यांत सोडावें लागतें. हत्तीला बळेंच धरून हें करणें हत्तीलाहि त्रासाचें आणि माहुतालाहि धोक्याचें. केवळ खाऊच्या बक्षिसावर पांचांपैकीं चार हत्ती तें शिकले. आमच्या जिल्ह्यांत मेळघाटांतील कोलकासला वनखात्याचे हत्ती ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना अंकुश ह्या वस्तूची ओळख सांगावयास नको. त्यांना ह्या प्रयोगाची किंमत लगेच कळेल.

आणि बैल? त्याच्या बाबतींत तर आपण दोन तोंडांनीं बोलतों. पोळ्याच्या आदल्या दिवशीं हळद-लोण्यानें त्याचे खांदे शेंकावयाचे आणि आषाढांत त्याच खांद्यामागें तुतारीची आर टोंचावयाची! आर लावलेली काठी वापरणें केंद्र सरकारच्या सन १९६५ च्या नियमांनीं निषिद्ध आहे, हें वऱ्हाडांतील किती शेतकऱ्यांना माहीत असेल? आमच्या जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. सन २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या, सन २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांत त्यांस पुन्हा वाट मिळाली आणि सन २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें ती कायम केली. पटाची मौज मी नाकारीत नाहीं. लहानपणीं मीहि खांद्यावर बसून तो पाहिला आहे. पण शेपूट पिरगळून जो वेग येतो, तो शिकविलेला वेग नव्हे. ती पळापळ आहे. जुन्या जाणत्या धुरकऱ्यांचा बैल नुसत्या हांकेवर निघे असें मामा सांगतात, आणि तें मला खरें वाटतें. मामा मात्र त्याच दमांत शेपूट पिरगळण्याचेंहि समर्थन करीत. जुन्या लोकांना सर्व कांहीं येत होतें, असें मानण्यांत अर्थ नाहीं; त्यांच्यांत उत्तम आणि क्रूर एकाच गोठ्यांत नांदत होतें.

चैत्र संपला. करवंटीमागून गोऱ्हा चालूं लागला, वळूं लागला, "होऽ" म्हणतांच थांबूं लागला. जूं मात्र मोठें संकट होतें. आम्हीं तें प्रथम नुसतें गव्हाणीजवळ जमिनीवर ठेविलें. त्यानें तें हुंगलें, टक्. मग मामांनीं तें उचलून दोन हातांवर धरिलें. मग खांद्याला क्षणभर टेंकविलें. ह्यांत पुतण्याचा एक नियम असा कीं, गोऱ्हा बाजूला सरकला तर जूं लगेच काढून घ्यावयाचें आणि त्या दिवसाचा धडा तेथेंच संपवावयाचा. मामा वैतागले. "असं त्याच्या मनावर सोडलं तं हा बाप्पा काम कवा करन?" मलाहि आंतून तेंच वाटत होतें, मृग जवळ येत होता, दादा रोज पंचांग पाहात होते. परंतु घडलें उलटें. आपण नको म्हटलें कीं नको होतें, हें पटल्यावर तो नको म्हणेनासा झाला. पहिल्या आठवड्यांत चार वेळां सरकला, दुसऱ्यांत एकदां, तिसऱ्यांत एकदांहि नाहीं.

मात्र जूं घेऊन तो चालेना. उभा राही, पण पाय उचलीना. ढेप पुढें केली, तोंड फिरवी. गूळ दिला, तोही टाकला. येथें मला ब्रेलंड दांपत्याची एक गोष्ट उपयोगी पडली. पुतण्यानें दिलेल्या कागदांत ती होती. त्यांनीं रॅकून नांवाच्या प्राण्याला नाणीं पेटींत टाकावयास शिकविलें. एक नाणें तो टाकी. पण दोन हातीं येतांच एकमेकांवर घांशीत बसे, खाऊ मिळत नसतांहि. रानांत तो आपलें भक्ष्य असेंच चोळतो. सन १९६१ मध्यें त्यांनीं कबूल केलें कीं, बक्षिसाचे नियम खरे असले तरी प्रत्येक जातीचा स्वतःचा स्वभाव आहे, आणि त्यापुढें नियम लुळे पडतात. मग गोऱ्ह्याचा स्वभाव काय? बैल कळपांतला प्राणी. त्याला एकट्यानें अनोळखी ओझें घेऊन मोकळ्या शेतांत जावयाचें नव्हतें. आम्हीं इतके दिवस म्हाताऱ्या बैलाला दूर बांधीत होतों, धड्यांत व्यत्यय नको म्हणून. मामांनीं एके सकाळीं, कोणास न विचारतां, त्याला आणून धुऱ्याच्या दुसऱ्या टोंकाला सोडलें. गोऱ्ह्यानें कान उभारले आणि जूं मानेवर असतांना सरळ त्याच्याकडे चालत गेला. टक् म्हणण्याचें भान मामांनाच राहिलें. मी नुसता पाहात होतों. त्या दिवसापासून ढेप दुय्यम झाली. दहा पावलें चाललास कीं म्हाताऱ्याजवळ उभें राहावयास मिळेल, हाच मोबदला. आणि ज्या म्हाताऱ्यानें जोडीदार गेल्यापासून अर्धा चारा सोडला होता, तो पुन्हा गव्हाण चाटून पुसून खाऊं लागला.

जूनमध्यें पाऊस लांबला, हें आमच्या पथ्यावरच पडलें. आषाढांत दोघांनीं मिळून अर्धा एकर डवरणी केली. अर्धा एकर म्हणजे कांहीं पराक्रम नव्हे. शेजारच्या शेतांत त्याच वेळांत दुप्पट काम झालें होतें, आणि दादांनीं तें मोजलेंहि. पण त्यांनीं बाजाराचा विषय काढला नाहीं. संध्याकाळीं ते गोठ्यांत गेले. काय बोलले कोणास ठाऊक, परत येतांना त्यांच्या उपरण्याला ढेपेचा वास येत होता.

त्यानंतर लंपीची लस टोंचावयास डॉक्टर आले. आमच्या आळींत त्या दिवशीं जनावरांचा कोलाहल चालला होता. चौघे धरणार, एक टोंचणार. आमच्या दारीं त्यांनीं दोर मागितला. मामांनीं करवंटी पुढें धरिली. गोऱ्ह्यानें नाक टेंकलें, मानेची कातडी किंचित् थरारली, सुई आंत जाऊन बाहेर आली, टक्. डॉक्टर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं करवंटी हातांत घेऊन आंतबाहेर पाहिली, जणूं कांहीं तिच्यांत औषध होतें.

डाव्या बाजूनें मात्र तो अजून कोणास जवळ येऊं देत नाहीं. त्या अंगानें पूर्वीं कधीं काय झालें असेल, तें त्यालाच माहीत. तिकडून भीतीची रेषा अजून सहा पावलांवर आहे. मामा रोज संध्याकाळीं तिकडे जाऊन उभे राहतात आणि तो मान खालीं घालतांच परत फिरतात.